कुरणातली शाळा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की शहरांतून बालशिबिरांच्या पाट्या झळकू लागतात. त्यांत एक आठवडा हमखास 'विज्ञानाचा' असतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना पांढरे डगले चढवतात, रंगीत पाण्यातून फेस उसळून दाखवतात. मुले टाळ्या पिटतात, आईबाप फोटो काढतात. यात वाईट काही नाही. परंतु एवढ्याशा मुलाला विज्ञान शिकवावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, हा प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वी विचारला गेला होता. आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत नव्हे, समुद्रकाठच्या एका खेड्यात सापडले होते. मी बीड जिल्ह्यातल्या नेकनूरचा एक मास्तर. त्या उत्तराची गरज आमच्या गावाला आजही आहे, म्हणून तो इतिहास येथे सांगतो.

त्याची सुरुवात रोमची. मारिया माँटेसरी ही व्यवसायाने डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी तिने सान लोरेन्झो या गरिबांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. तिने मुलांच्या हाती लाकडी दट्टे, ठोकळे, खरखरीत कागदाची अक्षरे दिली. दट्टा भोकात बसला नाही तर चूक दाखवायला बाईंची गरज नाही. ती मुलाला आपली आपणच कळते. उचलावे, पाहावे, चुकावे आणि पुन्हा करून पाहावे, याहून विज्ञान ते निराळे काय असते?

हा विचार आपल्याकडे आला तो गुजरातमार्गे. गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केला. दादरची मुले सुखवस्तू घरची. त्यांना ती सुबक साधने परवडत. पण ताराबाईंच्या मनात खेडे होते, आणि खेड्याला ती साधने परवडणारी नव्हती.

१९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे जन्मभर त्याच कामात राहिल्या. साधनांचा प्रश्न त्यांनी गावातल्या गावातच सोडवला. शंखशिंपले, खडे, बिया, पाने, काड्या, चिकणमाती यांवर मोजणे, लहानमोठे लावणे, रंग ओळखणे सारे होऊ लागले. मात्र दुसराच प्रश्न उभा राहिला. गरीब वस्तीतली मुले शाळेत येईनात. तेव्हा बाया शाळा उचलून त्यांच्या अंगणात गेल्या. मुलांना न्हाऊमाखू घालावे, नखे काढावीत, मग खडे मांडून बसावे. 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणातून आलेला आहे.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथली वारली मुले गुरांमागे रानात असत. मग शिक्षिका कुरणात जाऊ लागल्या आणि 'कुरणशाळा' जन्मली. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली, आणि अभ्यासाला सभोवार पाने, किडे, पाखरे, दगड! मला वाटते, आपल्याकडच्या बालविज्ञानाचा हाच खरा पाया होय. मूल जेथे असेल तेथे शाळेने जावे आणि मुलाच्या हाताशी जे असेल त्यालाच साधन करावे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. पण कुरणापर्यंत चालत जाण्याचे मोल याहून मोठे होते.

बोर्डीला केंद्र निघाले तेव्हा आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य गेले, १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १९६० साली महाराष्ट्रात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशभरात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि पुढे अंगणवाडी हा बोर्डीचा शब्द गावोगाव पोचला, तसा आमच्याकडेही. शब्द पोचला, पण मुलामागे जाण्याची रीत वाटेतच राहिली. अंगणवाडी एका खोलीत स्थिर झाली. आमची मुले मात्र स्थिर नाहीत.

हा दिवाळी अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास आमच्याकडचे कोयते निघालेले असतील. कोयता म्हणजे ऊसतोडीला जाणारे नवराबायकोचे जोडपे. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, संसार गाडीत घालावयाचा आणि पाचसहा महिने कारखान्याच्या फडावर काढावयाचे. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी गावी हंगामी वसतिगृहे असतात, काही कारखान्यांवर साखरशाळाही निघाल्या. पण तीनचार वर्षांचे पोर आईला सोडून कसे राहील? ते पाचटात बसते. ते गावी परतते उन्हाळ्याच्या तोंडाशी. म्हणजे शहरातल्या मुलाची सुट्टी लागते तेव्हा आमच्या मुलाची शाळा सुरू व्हावी, असा हा उलटा हिशेब आहे.

म्हणून मे महिन्यात आम्ही लिंबाखाली आठवडाभर मुले जमवतो. सामान म्हणाल तर एक माठ, एक परात, निंबोळ्या, खिळे, वाळलेला भोपळा. काय तरंगते, काय बुडते? पाझरणाऱ्या माठातले पाणी गार, पितळी कळशीतले कोमट, असे का? आम्ही सांगत नाही. हात लावू देतो. ऊसतोडीवरून आलेल्या मुलांना मुंग्यांची वारुळे आणि वाऱ्याची दिशा आमच्यापेक्षा लवकर दिसते. फडाने त्यांना पाहावयास शिकवलेले आहे. विचारावयास कोणी शिकवले नाही, इतकेच.

आणि मेच्या १४-१५ तारखेच्या सुमारास तर सूर्यच आमच्या मदतीला येतो. आमच्या अक्षांशावर त्या दिवसांत तो दुपारी नेमका डोक्यावर असतो. अंगणात सरळ काठी रोवावी. सकाळी तिची लांब सावली खड्यांनी मांडावी. खडे दर तासाला कमी लागतात, आणि सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान सावली काठीच्या बुडाशीच नाहीशी होते. मुले सावलीतून क्षणभर धावत येऊन पाहतात. जुलैच्या अखेरीस हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. मेमधला दिवस मात्र स्वच्छ, आणि त्या दिवशी कोयत्यांची मुले घरी असतात.

"सावली गेली कुठं, मास्तर?" असे एखादे पोर विचारते. तेवढ्यासाठीच तो आठवडा असतो. पुढच्या दिवाळीला ते पोर पुन्हा गाडीत बसेल, पण हा प्रश्न बरोबर घेऊन जाईल. फडावर त्याला उत्तर द्यावयास कोणी गेले पाहिजे. कोसबाडच्या बाया कुरणापर्यंत गेल्या होत्या. उसाचा फड त्याहून फार लांब नाही.