लिनक्सवर अपग्रेड अडते तेव्हा : पॅकेजांच्या आर्किटेक्चरचा संघर्ष

लिनक्सवर नवे सॉफ्टवेअर बसवणे, जुने काढणे आणि असलेले अपग्रेड करणे ही कामे पॅकेज मॅनेजर करतो. डेबियन आणि उबुंटूमध्ये हे काम ‘ॲप्ट’ व ‘डीपीकेजी’ करतात, तर फेडोरा आणि रेड हॅटमध्ये ‘डीएनएफ’ व ‘आरपीएम’. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली डेबियनवर आधारित असल्याने तिलाही ॲप्टचेच नियम लागू होतात. अपग्रेड करताना एकाच सॉफ्टवेअरच्या ३२-बिट आणि ६४-बिट आवृत्त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत, तर पॅकेज मॅनेजर काम थांबवतो. यालाच आर्किटेक्चरचा संघर्ष म्हणतात. संगणक बिघडला असा याचा अर्थ नसतो. बहुतेक वेळा पॅकेज मॅनेजर संगणक बिघडू नये म्हणूनच अडून बसलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. श्रीपूर हे सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातील साखर कारखान्याचे गाव. समजा, तिथे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे एक दुकान आहे. दुकानातल्या संगणकावर ६४-बिट लिनक्स आहे, पण प्रिंटर जुना असल्याने त्याचा ड्रायव्हर फक्त ३२-बिट स्वरूपात मिळतो. परीक्षेचे फॉर्म भरण्याची मुदत उद्या संपणार आहे आणि आज अपग्रेड करताना पडद्यावर एक लांबलचक संदेश येतो. त्यात काही पॅकेजे ‘काढली जातील’ अशी यादी आहे आणि शेवटी होय की नाही असा प्रश्न. इथे न वाचता ‘होय’ म्हटले, तर प्रिंटर बंद पडू शकतो. काही वेळा संपूर्ण डेस्कटॉपही जाऊ शकतो.

आर्किटेक्चर म्हणजे काय?

प्रोसेसरला समजणारी आज्ञांची भाषा म्हणजे त्याचे आर्किटेक्चर. प्रत्येक पॅकेजवर नाव आणि आवृत्ती यांच्याबरोबर आर्किटेक्चरही नोंदलेले असते. नेहमी दिसणारी नावे अशी :

• एएमडी६४ किंवा एक्स८६_६४ : आजचे बहुतेक डेस्कटॉप आणि लॅपटॉप. ही दोन्ही नावे एकाच गोष्टीची आहेत. या आर्किटेक्चरचे पहिले प्रोसेसर एएमडी कंपनीने २००३ मध्ये बाजारात आणले, म्हणून डेबियनने तेच नाव ठेवले. इंटेलचा ६४-बिट प्रोसेसर असला तरी पॅकेज एएमडी६४ चेच घ्यायचे असते.
• आय३८६ किंवा आय६८६ : ३२-बिट. आय३८६ हे नाव इंटेलच्या १९८५ मधील ८०३८६ या प्रोसेसरवरून आले. नाव टिकले असले तरी आजची आय३८६ पॅकेजे त्या मूळ प्रोसेसरवर चालत नाहीत.
• एआरएम६४ किंवा एआर्च६४ : रास्पबेरी पायच्या अलीकडच्या आवृत्त्या आणि एआरएम प्रोसेसरचे सर्व्हर.
• ऑल किंवा नोआर्क : कोणत्याही प्रोसेसरवर चालणारी पॅकेजे. फॉन्ट, दस्तऐवज, स्क्रिप्ट इत्यादी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने मूळ घडवलेले आणि रेड हॅटने मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिलेले ‘लोहित’ देवनागरी फॉन्ट याच प्रकारात मोडतात. त्यामुळे मराठी फॉन्टच्या पॅकेजात हा संघर्ष उद्भवत नाही.

दोन आर्किटेक्चर एकत्र कशी नांदतात?

सोलापूर जिल्ह्याला हा प्रकार रेल्वेतून परिचित आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिलिमीटर रुंदीच्या नॅरोगेजवर धावे, तर मुंबईहून सोलापूरकडे जाणारी मुख्य लाइन १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजची. कुर्डुवाडीला दोन्ही लाइन शेजारी-शेजारी येत. पण एका लाइनचा डबा दुसरीवर चढत नसे, माल उतरवून पुन्हा भरावा लागे. ३२-बिट प्रोग्राम आणि ६४-बिट लायब्ररी यांचे नाते असेच आहे. एक्स८६ वरील ६४-बिट प्रोसेसर दोन्ही प्रकारचे प्रोग्राम चालवू शकतो, पण ३२-बिट प्रोग्रामला लागणाऱ्या सगळ्या लायब्ररी ३२-बिटच असाव्या लागतात.

म्हणून लिनक्समध्ये दोन्ही प्रकारच्या लायब्ररी वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. फेडोरा आणि रेड हॅटमध्ये ६४-बिट लायब्ररींसाठी ‘लिब६४’ आणि ३२-बिट लायब्ररींसाठी ‘लिब’ असे दोन फोल्डर असतात. या पद्धतीला मल्टिलिब म्हणतात. डेबियनने प्रत्येक आर्किटेक्चरच्या नावाचा स्वतंत्र फोल्डर करण्याची मल्टिआर्च पद्धत स्वीकारली. २०१३ मध्ये आलेल्या डेबियन ७ पासून ती वापरात आहे.

संघर्षाचे मूळ

लायब्ररींचे फोल्डर वेगळे असले, तरी त्याच पॅकेजातल्या माहितीपत्रकासारख्या काही फायली दोन्ही आर्किटेक्चरसाठी एकाच जागी बसतात. त्या फायली तंतोतंत सारख्या असतील तरच दोन्ही पॅकेजे शेजारी राहू शकतात. यासाठी डीपीकेजीचा नियम असा, की अशा पॅकेजाच्या एएमडी६४ आणि आय३८६ प्रतींची आवृत्ती अगदी एकच असली पाहिजे. एक पुढे गेली तर दुसरीलाही त्याच वेळी पुढे जावे लागते. डीएनएफ आणि त्याच्या आधीचा ‘यम’ यांच्यातही अशीच राखण आहे.

बहुतेक संघर्षांचे मूळ या एका नियमात सापडते. ६४-बिट प्रत पुढे जायला तयार असते, पण ३२-बिट प्रतीची तीच आवृत्ती मिळत नाही. मग पॅकेज मॅनेजरपुढे दोनच मार्ग उरतात : अपग्रेड थांबवणे, किंवा अडणारी पॅकेजे काढून टाकण्याची परवानगी मागणे.

३२-बिट प्रत मागे का राहते, याची नेहमीची कारणे अशी :

१. मिररवर अर्धवट आलेले अपडेट. रेपॉझिटरीच्या प्रती जगभरातल्या मिरर सर्व्हरवर टप्प्याटप्प्याने पोहोचतात. एका आर्किटेक्चरची पॅकेजे आधी आली आणि दुसऱ्याची यायची राहिली, असे अधूनमधून होते. काही तासांनी पुन्हा प्रयत्न केला की हा प्रश्न आपोआप सुटतो.

२. बाहेरची रेपॉझिटरी. एखाद्या नव्या सॉफ्टवेअरसाठी जोडलेल्या बाहेरच्या रेपॉझिटरीत लायब्ररीची नवी आवृत्ती असते, पण फक्त ६४-बिटची. ती एकदा बसली की त्या लायब्ररीची ३२-बिट प्रत मूळ रेपॉझिटरीतून घेता येत नाही, कारण आवृत्ती जुळत नाही.

३. रोखून धरलेले पॅकेज. कोणीतरी पूर्वी एका प्रतीचे अपग्रेड मुद्दाम थांबवून ठेवलेले असते आणि नंतर विसरलेले असते.

४. चुकीची फाइल. ३२-बिट प्रणालीवर एएमडी६४ ची फाइल बसवण्याचा प्रयत्न केला, तर ‘पॅकेजाचे आर्किटेक्चर प्रणालीशी जुळत नाही’ या अर्थाचा स्पष्ट संदेश येतो. योग्य फाइल उतरवून घेणे हाच त्यावर उपाय.

५. ३२-बिटचा आधारच संपणे. वितरणाच्या नव्या आवृत्तीत ती ३२-बिट पॅकेजे उरलेलीच नसतात.

न वाचता ‘होय’ म्हटल्याची किंमत

या संघर्षाचे सर्वांत गाजलेले उदाहरण नोव्हेंबर २०२१ मधले. ‘लायनस टेक टिप्स’ या कॅनडातील यूट्यूब वाहिनीवर पॉप ओएस या लिनक्स प्रणालीत ‘स्टीम’ हे गेमिंग सॉफ्टवेअर बसवण्याचा प्रयत्न झाला. स्टीमला ३२-बिट लायब्ररी लागतात आणि त्यांपैकी एका पॅकेजाची जुळणारी प्रत रेपॉझिटरीत प्रकाशितच झाली नव्हती. वाट काढण्यासाठी ॲप्टने डेस्कटॉपची पॅकेजे काढण्याचा प्रस्ताव मांडला, धोक्याची सूचना दिली आणि ‘मी सांगतो तसे कर’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य टाइप करायला सांगितले. ते वाक्य टाइप झाले आणि संगणकाचा डेस्कटॉप नाहीसा झाला. या प्रकारानंतर ॲप्टच्या निर्मात्यांनी ही सोय बदलली. अत्यावश्यक पॅकेजे आता असे एक वाक्य टाइप करून काढता येत नाहीत. मात्र अत्यावश्यक म्हणून न नोंदलेल्या प्रिंटर ड्रायव्हरला हे संरक्षण नाही.

संघर्ष कसा सोडवावा?

खालील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत लिहाव्या लागतात.

प्रथम ‘काढली जाणार’ ही यादी वाचावी. तिच्यात डेस्कटॉप, नेटवर्क, ड्रायव्हर किंवा रोजच्या वापरातले सॉफ्टवेअर असेल, तर उत्तर ‘नाही’च द्यावे. डेबियन परिवारात साधे ‘ॲप्ट अपग्रेड’ कोणतेही बसवलेले पॅकेज काढत नाही, ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ मात्र काढू शकते. शंका असेल तेव्हा पहिल्या आज्ञेनेच काम करावे. प्रत्यक्ष बदल न करता काय होईल एवढेच पाहण्यासाठी आज्ञेला ‘-एस’ हा पर्याय जोडता येतो.

‘तुमच्याकडे रोखलेली, मोडकी पॅकेजे आहेत’ अशा अर्थाचा संदेश आला, तरी त्याने गोंधळून जाऊ नये. अनेकदा कोणतेही पॅकेज रोखलेले नसते. ॲप्टला तोडगा सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

त्यानंतर अडणाऱ्या लायब्ररीच्या दोन्ही प्रती कुठून येत आहेत ते पाहावे. ‘ॲप्ट पॉलिसी’ या आज्ञेपुढे लायब्ररीचे नाव देऊन एकदा एएमडी६४ ची आणि एकदा आय३८६ ची माहिती घ्यावी. बसवलेली आवृत्ती, मिळू शकणारी आवृत्ती आणि रेपॉझिटरी असे सगळे समोर येते. फरक फक्त मिररमुळे असेल तर थांबावे. बाहेरच्या रेपॉझिटरीमुळे असेल तर ती बंद करून लायब्ररी वितरणाच्या मूळ आवृत्तीवर परत आणावी. फेडोरामध्ये ‘डीएनएफ डिस्ट्रो-सिंक’ ही आज्ञा सर्व पॅकेजे रेपॉझिटरीतल्या आवृत्तीशी जुळवून घेते.

३२-बिट सॉफ्टवेअरची गरज उरली नसेल, तर ती सर्व पॅकेजे काढून मग आय३८६ हे आर्किटेक्चर डीपीकेजीमधून वगळता येते. आधी पॅकेजे काढल्याशिवाय डीपीकेजी ते वगळू देत नाही.

आर्किटेक्चरची किंवा मल्टिलिबची तपासणी जबरदस्तीने बंद करण्याचा सल्ला इंटरनेटवर हमखास मिळतो. त्याने संदेश जातो, पण न जुळणाऱ्या प्रती संगणकावर तशाच राहतात आणि पुढच्या अपग्रेडला अडचण आणखी मोठी होऊन समोर येते.

३२-बिटचा रस्ता कुठे संपतो?

३२-बिटचा आधार गेल्या काही वर्षांत वेगाने आटत गेला आहे. जून २०१९ मध्ये उबुंटूने आय३८६ पॅकेजे पूर्णपणे थांबवण्याचे जाहीर केले. स्टीम आणि वाइन यांच्या वापरकर्त्यांचा विरोध झाल्यावर निवडक पॅकेजे ठेवण्याचे ठरले. त्याच वर्षी आलेल्या फेडोरा ३१ मध्ये ३२-बिट कर्नल उरला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये आय३८६ साठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ही पॅकेजे आता केवळ ६४-बिट संगणकावर जुने ३२-बिट प्रोग्राम चालवण्यापुरती उरली आहेत.

यामागे एक कारण वेळेच्या मोजणीचेही आहे. जुन्या ३२-बिट पद्धतीत सेकंदांचा हिशेब १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांपर्यंतच पोहोचतो. डेबियनने इतर ३२-बिट आर्किटेक्चरसाठी ६४-बिट वेळ स्वीकारली, पण आय३८६ ला वगळले. कारण ती बदलली असती तर जुने तयार प्रोग्राम चालले नसते आणि आय३८६ ठेवण्याचा हेतूच संपला असता.

मात्र ३२-बिट प्रणाली असलेला प्रत्येक संगणक भंगारात जाण्याच्या लायकीचा नसतो. ‘यूनेम -एम’ ही आज्ञा कर्नल कोणता आहे ते सांगते, तर ‘एलएससीपीयू’ प्रोसेसर काय करू शकतो ते सांगते. पहिल्या आज्ञेला आय६८६ असे उत्तर आले आणि दुसरीच्या उत्तरात ३२-बिट व ६४-बिट हे दोन्ही दिसले, तर प्रोसेसर ६४-बिटचा आहे, फक्त प्रणाली ३२-बिटची बसवलेली आहे. इंटेलचा २००६ पासूनचा कोअर २ ड्युओ असाच आहे. कमी मेमरीमुळे अशा अनेक संगणकांवर ३२-बिट लिनक्स बसवले गेले. उलट, २००८ मधील ॲटम एन२७० सारखे छोट्या नेटबुकमधले प्रोसेसर खरोखरच ३२-बिट आहेत.

३२-बिटवरून ६४-बिटवर जाणे हे नेहमीच्या अपग्रेडने होत नाही. आधी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी, ती उघडते का ते तपासावे आणि मग ६४-बिट प्रणाली नव्याने बसवावी. मेमरी कमी असेल तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप निवडावा.

श्रीपूरच्या त्या दुकानात काय करावे, याचे उत्तर यातून मिळते. मुदतीच्या आदल्या दिवशी ‘नाही’ म्हणावे. प्रिंटर चालू आहे तोवर फॉर्म छापून द्यावेत. मुदत संपल्यावर, फायलींची प्रत काढून, ३२-बिट लायब्ररी कुठे अडली ते शांतपणे पाहावे. सुरक्षेची अपडेट फार काळ लांबवणे योग्य नाही, पण यादी वाचण्याइतका वेळ प्रत्येक अपग्रेडला द्यायलाच हवा.