किल्ली शेजारी असते

कोकणात बंद घराची किल्ली बहुधा मालकाकडे नसते. ती शेजारच्या घरी खुंटीला असते, सुतळीत ओवलेली. मालक डोंबिवलीत, नाहीतर नालासोपाऱ्यात. गणपतीला तो आला की कुलूप निघतं, पाच दिवस चूल पेटते, आरत्या होतात आणि विसर्जनानंतर किल्ली पुन्हा खुंटीवर जाते. काही घरांना मात्र किल्लीची गरजच उरलेली नाही. मागची भिंत पावसात बसलेली असते आणि परसातून थेट माजघरात जाता येतं.

आत शिरल्यावर आधी येतो तो वटवाघळांचा आणि भिजलेल्या मातीचा वास. मग एकेक वस्तू दिसू लागते. माळ्यावर भाताची कणगी, तळ फुटलेला. जमिनीत पुरलेलं दगडी व्हायन, मुसळाच्या घावांनी आतून गुळगुळीत झालेलं. भिंतीला टेकवलेला पाट, दाराआड अडसर, कोपऱ्यात जात्याची खालची तळी. न्हाणीघरात चुलाणावर काजळीचा गोल तेवढा राहिलेला असतो, त्यावरचा हंडा कधीच गेलेला. तांबं-पितळ सगळ्यात आधी जातं, कारण मोडीत त्याला भाव येतो. त्यानंतर सागवानी खांब आणि कोरीव चौकटीची दारं. मागे उरतं ते ज्याला गिऱ्हाईक नाही किंवा जे एकट्यादुकट्याला उचलवत नाही.

अशा घरातली सगळ्यात बोलकी वस्तू पुष्कळदा पायाखालीच असते. गवतात पडलेलं कौल उचलून उलटं केलं, शेवाळ खरवडलं, की कारखान्याचं नाव आणि छाप हाताला लागतात. बासेल मिशनच्या जर्मन धर्मप्रसारकांनी १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. खोबणीत खोबण बसणारी ही चपटी लाल कौलं गलबतांतून किनाऱ्याने वर सरकली आणि बंदरोबंदरी उतरली. त्याआधी कोकणात गवता-पेंढ्याची छपरं होती आणि ज्याला परवडे त्याच्याकडे कुंभाराची नळ्याची कौलं. गरिबाच्या घरावर मंगलोरी कौल चढलं, की वाडीला कळायचं, ह्याचा मुलगा मुंबईला लागला.

हे ‘मुंबईला लागणं’ जुनं आहे. कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेली मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांना हात हवे होते. कोकणात डोंगरउताराची शेतं, त्यांवर भाताचं एक पीक आणि खाणारी तोंडं अनेक. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण या बंदरांतून आगबोटी सुटू लागल्या आणि गावंच्या गावं लालबाग-परळच्या चाळींत उतरली. एका खोलीत एकाच गावचे पंधरावीस जण पाळीपाळीने झोपायचे, कारण गिरणीही पाळ्यांनीच चालायची. त्या काळी सिंधुदुर्ग रत्नागिरीतच होता (तो वेगळा झाला १९८१ साली) आणि गिरणगावात सर्वांत मोठी भरती याच जिल्ह्याची होती. घरी राहिल्या त्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या.

पोस्टाची मनीऑर्डर १८८० साली सुरू झाली आणि कोकणचा संसार तिच्यावर चालू लागला. फॉर्मच्या तळाला एक चिठोरी असे. पैसे हातात दिल्यावर पोस्टमन ती फाडून घरीच ठेवून जाई. पाठवणाऱ्याला चार ओळी लिहिता येतील एवढीच तिच्यावर जागा. त्या चार ओळींत मावायचं ते सगळं मावे: बैलाचं काय झालं, आईचा खोकला कसा आहे, कौलं परतून घ्या, शिमग्याला रजा मिळेलसं वाटत नाही. फडताळात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत अशा चिठोऱ्यांची चळत दोऱ्याने बांधून ठेवलेली असे. वाळवी तिथवर पोचली नसेल, तर घरच्या मिळकतीची सगळ्यात खरी वही तीच. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर पोस्टाने २०१५ साली बंद केली.

पण सगळी घरं एकाच कारणाने ओस पडली नाहीत. गावात जे सर्वांत मोठं पडकं घर असतं, दोन चौकांचं, जांभ्याच्या उंच जोत्याचं, ते पुष्कळदा खोतांचं निघतं. सरकारसाठी सारा गोळा करता करता खोत कुळांच्या डोक्यावर बसला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, १९४९ च्या कायद्याने खोती रद्द झाली आणि कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ या ‘कृषिदिनी’ कसणारं कूळ जमिनीचं मालक झालं. भाताची रास दारी येणं थांबलं, तसा त्या घराचा पसारा पेलेनासा झाला. मुलं शिकून पुण्या-मुंबईला नोकऱ्यांत गेली. जे कुळाच्या दृष्टीने सुटका होती, तेच खोताच्या कोठाराला लागलेलं कुलूप होतं.

कुळांच्या घरांना कुलूप लागलं ते नंतर, आणि तेही उघडझाप करत. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिने लोटले, तसे कित्येक जण मुंबईची खोली मागे ठेवून गावी परतले, बंद घरं उघडली, पडीक वाफे पुन्हा नांगरले. पण पुढच्या पिढीला भातशेतीवर दिवस काढायचे नव्हते. ती पुन्हा मुंबईला गेली आणि या वेळी बायकामुलांसकट. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे मात्र घटले. रत्नागिरीची वस्ती १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली.

‘सोडून दिलेलं घर’ हा शब्दप्रयोग इथे फसवा आहे. या घरांना मालक नाही असं नसतं. मालक फार झालेले असतात. आजोबांनी घर बांधलं, चार मुलगे झाले, त्यांची मुलं, मग २००५ च्या वारसाहक्क दुरुस्तीने मुलींचाही बरोबरीचा वाटा पक्का झाला. खात्यावर नावं वाढत जातात, त्यातली काही माणसं एकमेकांना ओळखतही नाहीत. विकायचं तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. दुरुस्ती करायची तर खर्च एकाने का करायचा? दरम्यान माकडं कौलांवरून उड्या मारत असतात. पावसाळ्याआधी घर शाकारायला कुणी आलं नाही, की एक फुटकं कौल पुरतं. पाणी आधी रिपेत मुरतं, मग वाशात, मग मातीच्या भिंतीत. तीन-चार पावसाळ्यांत माजघर उघडं पडतं.

अशा घरांच्या माळ्यांवर नजर ठेवून फिरलेली माणसं महाराष्ट्राने पाहिली आहेत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे पेटारे आणि दप्तरं धुंडाळत गावोगाव हिंडले. वाईला मिळालेल्या कागदांतून त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते, समया, दौती, दारं अशा घरगुती वस्तू जमवायला घेतल्या. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आज वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. कोकणातल्या माळ्यांवरचे मोडी लिपीतले कागद मात्र वारसांनाच वाचता येत नाहीत, आणि त्यात काय आहे हे कळण्याआधीच ते पावसाने एकमेकांना चिकटतात.

हल्ली गिऱ्हाईक निराळं आहे. जुने खांब, झोपाळ्याच्या कड्या, मंगलोरी कौलं टेम्पोत भरून नव्या रिसॉर्टांकडे जातात आणि तिथे ‘पारंपरिक कोकणी घर’ उभं राहतं. मूळ जागी जोतं, तुळशीवृंदावन आणि आवारातला फणस तेवढा राहतो. फणसाचा हिशेब अजून होतो, कारण तो दर वर्षी लागतो. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या वहीत घराची नोंद तशीच असते. घरपट्टीची पावती आजही आजोबांच्याच नावाने फाटते. किल्ली ठेवणारा शेजारी ती गणपतीपर्यंत जपून ठेवतो.