आमसुलाने घासलेली शिवराई

आजची गोष्ट माझ्या एका गाढवपणापासून सुरू होते. सातवीत असताना आजोबांच्या डब्यातली एक काळपट शिवराई मी आमसुलाने घासली. तांब्याची भांडी घासतात ना, अगदी तशी. नाणं लख्ख झालं. आजोबा एवढंच म्हणाले, "अरे, तीनशे वर्षांचं नाणं कालचं करून टाकलंस."

त्यांना काय म्हणायचं होतं, ते मला केळशीमुळे कळलं.

दापोली तालुक्यातलं केळशी. तिथे भारजा नदीच्या मुखाशी वाळूची मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला. वाळूच्या थरांत खापरं, हाडं आणि नाणी मिळाली. १५२४ मध्ये वास्को द गामाच्या ताफ्याला भारताच्या किनाऱ्याजवळ भरसमुद्रात हादरे बसल्याचं पोर्तुगीज नोंदींत आहे. त्याच वेळच्या त्सुनामीने ही वाळू आणली असावी, असं काही अभ्यासक मांडतात.

अशा वादात नाणं साक्षीदार ठरतं. साधं लॉजिक आहे : नाणं पाडण्याआधी तो थर तयार होऊच शकत नाही. पण नाणं पाडल्यावर किती वर्षांनी पडलं? इथे त्याची झीज कामाला येते. अक्षरं टोकदार असतील, तर ते फार हातांतून फिरलेलं नसावं. गुळगुळीत असेल, तर बरीच वर्षं बाजारात फिरलं असणार.

म्हणूनच ग्रेडिंग नीट समजून घ्यायला हवं. नाण्यांच्या भाषेत 'गुड' म्हणजे चांगलं नव्हे हं, चांगलंच झिजलेलं! त्यावर 'फाइन', 'व्हेरी फाइन', 'एक्स्ट्रीमली फाइन'. १ ते ७० गुणांची पद्धत विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये आणली, तीही अमेरिकन सेंटसाठी. हाताने ठोकलेल्या नाण्याला असा एकच आकडा पुरत नाही.

शिवराईच बघा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्र पति'. पुष्कळदा ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे कडेची अक्षरं बाहेरच राहायची. ती झीज नाही. एकच अक्षर पुसट आणि शेजारचं ठसठशीत असेल, तर ठोका नीट बसला नसावा. उंच भाग सगळीकडे सपाट झाले असतील, तर ती वापरातली झीज. पृष्ठभागावर खड्डे असतील, तर ते बहुधा मातीचं आणि मिठाचं काम. ठसा, ठोका, झीज, पृष्ठभाग : चारही वेगळे तपासायचे.

आणि तो काळपट-हिरवा थर? घट्ट असेल तर तो धातूचं कवच आहे. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर खाऱ्या हवेतलं क्लोराइड अजून तांबं खातंय. अशा वेळी नाणं कोरडं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. आमसूल, चिंच, लिंबू मात्र नको. आंबट लागलं की थर जातो, त्याच्यासोबत अक्षरांच्या कडाही जातात.

जमिनीत काही सापडलं तर आणखी एक गोष्ट. १८७८ च्या कायद्यानुसार, दहा रुपयांहून जास्त किमतीचं दडलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. फोटो काढा, नेमकी जागा टिपून ठेवा. थरातून उचललेलं नाणं पुन्हा त्या थरात ठेवता येत नाही.

माझी शिवराई अजून चमकते. विकायला काढली तर कदाचित कोणी घेईलही. पण ती किती हातांतून फिरली, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

तुमच्या आजीच्या डब्यात असं नाणं असेल, तर आज रात्री नुसतं बघा. घासू नका. भेटू पुढच्या भागात!