रोगाचे नाव आणि सरकारी नोंद

स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर घटकाभर उभे राहिले म्हणजे साताऱ्याची, कोल्हापूरची, कोकणातली माणसे एकाच वेळी भेटतात. त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही येतात. जुलाब-वांत्यांच्या दुखण्याला कोणी पटकी म्हणेल, कोणी जरीमरी, तर कोणी नुसती मोडशी. घरात त्याने काही अडत नाही. नोंदवहीत मात्र एकच साथ तीन नावांखाली विभागली जाते, आणि विभागलेली साथ वेळेवर कोणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्या इतिहासात या गोष्टीची प्रचीती आलेली आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. त्या काळच्या मृत्यूनोंदीत 'ताप' या एका शब्दाच्या पोटात नाना रोगांचे बळी जमा होत. अशा वहीतून नवा रोग निवडून काढणे कठीणच होते.

पुण्याचा अनुभव याहून कडू आहे. १८९७ साली येथे रोगाचे नाव ठरलेले होते. पण रँडसाहेबांच्या कारभारात गोरे शिपाई घरात शिरत, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. मग लोक रोगी लपवू लागले. नाव बिनचूक असून उपयोग काय, जर ते सांगण्याचीच धास्ती वाटली?

जगाने शब्दांची शिस्त हळूहळू लावली. १८९३ मध्ये बर्टिलाँ यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत मृत्यूंबरोबर आजारांनाही स्थान मिळाले. भारतात २००४ पासून एकात्मिक रोगसर्वेक्षण सुरू झाले. त्यात आरोग्यसेविका लक्षणे पाहून 'संशयित' लिहिते, डॉक्टर तपासून 'संभाव्य' लिहितात, आणि प्रयोगशाळेची साक्ष मिळाल्यावर 'निश्चित' अशी नोंद होते. २०२१ मध्ये त्यासाठी नवी संगणकीय व्यवस्था आली. रोगाच्या नावाबरोबर आपल्या खात्रीची पायरीही सांगावी, हाच या पद्धतीतला मोठा गुण होय.

त्याचे मोल जानेवारी २०२५ मध्ये स्वारगेटपासून जवळच, सिंहगड रस्त्याच्या परिसरात दिसले. हातापायांतले बळ एकाएकी जाऊ लागले. गियाँ-बारे हे त्या मज्जाविकाराचे नाव. तो स्वतः संसर्गजन्य नव्हे, पण पुष्कळदा संसर्गामागून येतो. संशयित आणि निश्चित रुग्ण वेगळे मोजले गेले, पाण्याची तपासणी झाली, आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला.

यंत्र कितीही वेगवान असो, पहिला शब्द रोग्याच्या तोंडचाच असतो. म्हणून संगणकातील प्रमाण नावाशेजारी पटकी, मोडशी, जरीमरी हे शब्दही नोंदलेले असावेत, म्हणजे सेविकेला ऐकलेल्या शब्दावरून नेमके काय विचारावे हे कळेल. आणि दुखणे सांगणाऱ्याला शिक्षा नव्हे, औषध मिळेल असा भरवसा हवा. तो भरवसा नसल्यामुळेच १८९७ ची नोंद अपुरी राहिली.