वाळूवरची बग्गी आणि कार्बुरेटरची उचकी

बेळगावातल्या जुन्या गॅरेजांत ‘उचल’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानांवर पडे. ‘साहेब, गाडी उचल घेत नाही.’ ॲक्सिलरेटरवर पाय दिला की इंजिनाचा आवाज क्षणभर दबतो, ते घुसमटते, एक आचका देते आणि मग काही झालेच नाही अशा थाटात धावू लागते. आमचे मिस्त्री याला ‘उचकी’ म्हणत. पोऱ्याशी कानडीत, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि स्वतःशी दखनीत बोलणाऱ्या या माणसाने एकदा जीपचा कार्बुरेटर काढून माझ्या हातावर ठेवला. त्याच्या अंगावर ‘सोलेक्स’ अशी उठावाची अक्षरे होती. ‘म्हणजे काय?’ असे विचारले, तर ‘कंपनीचं नाव’ एवढेच उत्तर मिळाले.

पुढे पुष्कळ वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या ‘ड्यून बगी’ या गाडीचा इतिहास वाचत होतो, तेव्हा तेच नाव आणि तीच उचकी पुन्हा भेटली. त्या उचकीमागे चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत नसेल तर ती थांबवताही येत नाही, हे तेव्हा ध्यानात आले. तोच इतिहास आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

सुरुवात मुळापासून करू. कार्ल बेंझने १८८६ साली आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले, त्या गाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळण्याची सोय होती. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि हंगेरीत डोनाट बांकी व यानोश चोंका यांनी बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा हवेच्या झोतात सोडण्याची युक्ती काढली. आपण कार्बुरेटर म्हणतो तो हाच. पहिल्या महायुद्धापूर्वी पॅरिसमध्ये गुदार आणि मेनेसाँ या जोडीने ‘सोलेक्स’ या नावाने कार्बुरेटर बनवायला सुरुवात केली आणि ते नाव पुढे जगभर गेले. आमच्या मिस्त्रींच्या टेबलापर्यंत ते पोचले ते असे.

या युक्तीत एक अडचण जन्मापासूनच होती. हवा हलकी आणि पेट्रोल जड. थ्रॉटलची झडप एकदम उघडली की हवा तत्काळ आत धावते आणि पेट्रोल मागे रेंगाळते. शिवाय झडप उघडताच इनटेकच्या नळीतला निर्वात कमी होतो, त्यामुळे हवेत तरंगणारे पेट्रोल थेंब होऊन नळीच्या भिंतीला चिकटते. वजनाने साधारण पंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल, हे जळणाचे गणित त्या क्षणी मोडते. सिलिंडरला हवा भरपूर मिळते, पेट्रोल पुरत नाही आणि इंजिनाला उचकी लागते. तंत्रज्ञांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी कार्बुरेटरच्या पोटातच एक छोटा पंप बसवला. पाय दाबला की त्याचा पडदा दबतो आणि पेट्रोलची एक चिळकांडी थेट हवेच्या वाटेत पडते. हाच ॲक्सिलरेटर पंप.

आता ज्या इंजिनाची ही गोष्ट आहे त्याच्याकडे वळू. फोक्सवॅगनच्या ‘बीटल’चे चार सिलिंडरचे आडवे इंजिन १९३० च्या दशकात पोर्शे यांच्या कार्यालयात फ्रान्झ राइमश्पीस यांनी आखले. रेडिएटर नाही, पाणी नाही, फक्त पंख्याची हवा. युद्धानंतर मोडकळीस आलेला तो कारखाना ब्रिटिश लष्करातल्या मेजर आयव्हन हर्स्ट यांनी १९४५ मध्ये पुन्हा सुरू केला. त्या काळी ११३१ घनसेंटिमीटरचे हे इंजिन अवघे २५ अश्वशक्तीचे होते.

या रचनेत कार्बुरेटर एकच आणि तो मधोमध होता. सिलिंडर मात्र दोन उजवीकडे, दोन डावीकडे. म्हणजे मिश्रणाने दोन्ही अंगांच्या लांब, आडव्या नळ्यांतून प्रवास करायचा. नळी थंड असली की वाटेतच पेट्रोलचे थेंब होणार. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात तेच गरम पाणी नळीभोवती फिरवता येते. इथे पाणीच नाही, तर गरम पाणी कुठले? म्हणून या नळीला खालून एक दुसरी बारीक नळी जोडली आणि तिच्यातून एग्झॉस्टचा थोडा उष्ण वायू फिरवला. एअर क्लीनरलाही थंडीत सिलिंडरजवळची ऊबदार हवा मिळेल अशी योजना केली. डिस्ट्रिब्यूटरला कार्बुरेटरपासून एक छोटी नळी जोडली. थ्रॉटल किंचित उघडताच त्या नळीतली ओढ डिस्ट्रिब्यूटरमधल्या पडद्याला खेचते आणि ठिणगी जरा आधी पडते. अशा चार-पाच सोयींनी मिळून ती जुनी उचकी दाबून ठेवली होती. त्यांतली एकही शोभेची नव्हती.

आणि इथे या कथेत ब्रूस मायर्स येतो. १९२६ मध्ये लॉस एंजेलिस येथे जन्मलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात ‘बंकर हिल’ या विमानवाहू नौकेवर होता. ११ मे १९४५ रोजी जपानी आत्मघातकी विमाने तिच्यावर कोसळली, त्यातून तो वाचला. पुढे तो फायबरग्लासच्या होड्या बनवू लागला. कॅलिफोर्नियात पिस्मो बीचच्या वाळूच्या टेकड्यांवर हौशी लोक मोठमोठी इंजिने बसवलेल्या अवजड गाड्या चढवीत. त्यांच्यात हलक्या बीटलचे सुटे भाग किती सहज पळतील, हे या होडीवाल्याने हेरले. १९६४ मध्ये न्यूपोर्ट बीच येथे त्याची पहिली ‘मायर्स मँक्स’ तयार झाली. गाडी लाल होती, म्हणून तिचे नाव ‘ओल्ड रेड’ पडले. पुढच्या मँक्ससाठी बीटलचा सांगाडा सुमारे ३६ सेंटिमीटर कापून आखूड करायचा आणि त्यावर होडीसारखे फायबरग्लासचे कवच ठेवायचे, अशी पद्धत बसली. वाळूच्या टेकडीला इंग्रजीत ‘ड्यून’ म्हणतात. आणि ‘बगी’ म्हणजे आपल्या लग्नाच्या वरातीतली बग्गीच. तो शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतलेला.

१९६७ च्या एप्रिलमध्ये मायर्स आणि टेड मँगल्स यांनी मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातले ला पाझ ते तिहुआना हे सुमारे दीड हजार किलोमीटरचे ओसाड अंतर ३४ तास ४५ मिनिटांत कापले. मोटरसायकलस्वारांचा १९६२ चा विक्रम याहून पाच तासांनी जास्त होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे रीतसर शर्यत झाली आणि व्हिक विल्सन व मँगल्स यांनी मँक्स घेऊन ती २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. मग काय, घरोघरच्या अंगणांत जुन्या बीटलच्या बग्ग्या होऊ लागल्या.

आणि उचकी परतली ती याच अंगणांत. बग्गीचे इंजिन मागे उघडेच असते, चारचौघांना दिसते. तेव्हा ते सुटसुटीत आणि झगझगीत दिसावे, असा हौशी लोकांचा आग्रह असे. आवाजदार एग्झॉस्ट आला आणि त्याला उष्ण वायूची नळी जोडायला जागाच नव्हती, म्हणून ती जोड बंद केली. मूळचा बोजड एअर क्लीनर गेला आणि छोटी चकचकीत डबी आली. निर्वाताच्या नळीचा डिस्ट्रिब्यूटरही गेला. त्याच्या जागी ‘००९’ या क्रमांकाचा, औद्योगिक इंजिनांवरही वापरला जाणारा डिस्ट्रिब्यूटर बसला. तो स्वस्त आणि मजबूत, त्याला नळीची कटकट नाही. पण त्याच्यात ठिणगी पुढे सरकते ती केवळ फिरणाऱ्या वजनांमुळे, म्हणजे इंजिनाचा वेग वाढल्यावर. पाय दिल्याच्या क्षणी वेग वाढलेला नसतोच. तेव्हा पेट्रोल कमी आणि ठिणगी उशिरा, अशी दोन्ही संकटे एकाच क्षणी गाठ घालतात.

त्यात १९७० मध्ये अमेरिकेत हवा शुद्ध ठेवण्याचा कायदा कडक झाला. १९७१ च्या मॉडेलच्या १६०० च्या इंजिनावर ‘३४ पिक्ट-३’ हा सोलेक्स आला. त्याचे मिश्रण आधीच बेताचे. त्याची आयडल गती थ्रॉटलच्या स्क्रूने नव्हे, तर बाजूच्या मोठ्या हवेच्या स्क्रूने लावायची असते. जुन्या सवयीने लोक थ्रॉटलचा स्क्रू पिळत. झडप आयडललाच उघडी राही आणि पाय देताना पेट्रोल पुरवणारी बारीक भोके आधीच उघडी पडून निकामी होत. बग्गीवर हा कार्बुरेटर आणि ‘००९’ एकत्र आले की उचकी ठरलेली.

उपाय काय? १९६९ मध्ये जॉन म्यूर या अभियंत्याने सामान्य माणसाला फोक्सवॅगन घरच्या घरी दुरुस्त करता यावी म्हणून एक पुस्तक लिहिले आणि हजारो लोकांनी ते पाहून हातात पाना धरला. जाणत्यांनी तेव्हापासून सांगितलेला क्रम थोडक्यात असा आहे. आधी इंजिन थंड असताना व्हॉल्व्हचे अंतर ०.१५ मिलिमीटर आणि पॉइंटचे ०.४ मिलिमीटर करावे, मग टायमिंग पाहावे. ‘००९’ असेल तर वाढलेल्या वेगाला ठिणगी सुमारे २८ ते ३२ अंश आधी पडली पाहिजे. त्यानंतर चोरून शिरणारी हवा शोधावी. इंजिन आयडलला ठेवून इनटेकच्या सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज बदलला तर तिथले पॅकिंग किंवा रबर गेले आहे. थ्रॉटलचा दांडा आपल्या भोकात हलत असेल तर तिथूनही हवा शिरते.

मग इंजिन बंद करून कार्बुरेटरच्या घशात डोकवावे आणि हाताने थ्रॉटल उघडावा. पेट्रोलची चिळकांडी त्याच क्षणी आणि सरळ पडली पाहिजे. दर खेपेस साधारण दीड घनसेंटिमीटर पेट्रोल यावे. ओघळ येत असेल तर पंपाचा पडदा कडक झाला आहे किंवा तोटीत कचरा आहे. त्यापुढे आयडल जेट साफ करावा आणि मिश्रणाचा छोटा स्क्रू पूर्ण बसवून सुमारे अडीच फेरे उलटा सोडावा. शेवटी उष्ण वायूची नळी. इंजिन तापल्यावर तिची दोन्ही टोके गरम लागली पाहिजेत. एक थंड असेल तर आत काजळी साचली आहे. एवढे करूनही उचकी राहिली, तर निर्वाताच्या नळीचा डिस्ट्रिब्यूटर परत आणावा. मोठा जेट घालणे हा सर्वांत शेवटचा विचार. गंमत अशी की बहुतेक लोक सुरुवात तिथूनच करतात. मुख्य जेटचे काम त्या पहिल्या क्षणी सुरूच झालेले नसते. प्लग काळे होतात, पेट्रोल उडते आणि उचकी जागच्या जागी राहते.

मायर्सच्या नशिबी मात्र यश फार टिकले नाही. त्याच्या गाडीच्या नकला ठिकठिकाणी निघू लागल्या. त्याने नक्कल करणाऱ्यांविरुद्ध दावा लावला, पण न्यायालयाने त्याचे पेटंट ग्राह्य धरले नाही. त्याच्या कंपनीने सुमारे सहा हजार कवचे विकली. नकला त्याच्या कित्येक पट निघाल्या. १९७१ पर्यंत कंपनी बंद पडली. २०१४ मध्ये ‘ओल्ड रेड’ची अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली, ते पाहायला तो हयात होता. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी तो वारला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बीटलमधून कार्बुरेटर १९७५ मध्येच गेला होता. शेवटची जुनी बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोत तयार झाली. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’चे नियम लागू झाले आणि नव्या स्कूटर-मोटरसायकलींतूनही कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता पेट्रोलचा हिशेब संगणक ठेवतो.

ते चांगलेच झाले. धूर कमी झाला. पण जुन्या गाड्या अजून आहेत आणि त्यांची उचकीही आहे. ती ऐकणारे कान मात्र कमी होत चालले आहेत. आमचे मिस्त्री डिसमिस हातात घेण्यापूर्वी गाडी दहा मिनिटे नुसती चालू ठेवीत. पोऱ्याने एखादी जुनी नळी बिनकामाची म्हणून बाजूला टाकली, तर ती उचलून पुसून परत त्याच्या हातात देत आणि विचारीत, ‘ही इथं कुणी लावली होती, आणि का?’ तेव्हा वाटे, म्हातारा उगाच वेळ काढतो आहे. कॅलिफोर्नियातल्या अंगणांत हा प्रश्न कुणी वेळेवर विचारला असता, तर कितीतरी बग्ग्यांची उचकी मुळात लागलीच नसती.