गुरुजी, आधी तुम्ही लिहा

मे महिना म्हटला की लोकांना आंबे आणि लग्नसराई आठवते. आम्हा प्राथमिक शिक्षकांना प्रशिक्षण आठवते. 2004 सालची गोष्ट आहे. मी तेव्हा पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत होतो. केंद्रशाळेच्या पत्र्याखाली आम्ही चाळीस जण बसलो होतो. वीज गेलेली. विषय होता ‘लेखनकौशल्य’. मुलांचे निबंध कसे तपासावेत, परिच्छेद कसे पाडायला लावावेत, शुद्धलेखनाचे गुण किती कापावेत, हे सगळे आम्ही चार दिवस ऐकले. हजेरी, चहा, प्रपत्रे, सारे वेळेवर झाले. पण त्या चार दिवसांत चाळिसांपैकी एकानेही स्वतःची म्हणून एक ओळ लिहिली नाही.

पाचव्या दिवशी निवृत्तीला टेकलेले एक गुरुजी बोलायला उभे राहिले. म्हणाले, “पुस्तिका मिटा. आपल्या वर्गातल्या एका पोराविषयी दहा ओळी लिहा. गुरुजी, आधी तुम्ही लिहा, मग पोरांना सांगा.”

पत्र्याखाली एकदम सामसूम झाली. माझ्या शेजारी वीस वर्षे निबंध तपासलेले शिक्षक होते. त्यांनी लिहिले, ‘माझ्या वर्गातील मुले हुशार व चुणचुणीत आहेत.’ आणि स्वतःच हसले. मुलांच्या वहीत असे वाक्य दिसले की ते लाल रेघ मारीत. मी तर स्वतःला कवी म्हणवून घेणारा, पण पेन माझाही हलेना. शेवटी मी एका ऊसतोड कामगाराच्या मुलाविषयी लिहिले. दिवाळीनंतर तो आईबापाबरोबर कारखान्यावर गेला आणि चैत्रात परतला, तेव्हा जोडाक्षरे विसरून आला होता. बैलांच्या खोड्या सांगताना मात्र तो थांबत नसे. लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आले, की त्या पोराला मी फक्त जोडाक्षरांवर मोजत होतो.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. शिकवणाऱ्याने आधी स्वतः शिकावे, ही रीत आपल्याकडे आली कशी? त्या शोधातला एक धागा आमच्या अहमदनगरातच, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, सापडला.

सिंथिया फॅरार या अमेरिकन बाई 1827 साली मुंबईला आल्या आणि 1839 साली नगरला. 1862 साली इथेच त्यांचा मृत्यू झाला, तोवर त्या मुलींच्या शिक्षणाचे काम करीत राहिल्या. नगरची त्यांची शाळा पाहून आपल्याला मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, असे जोतिराव फुल्यांनी 1853 साली ‘ज्ञानोदय’मध्ये सांगितले आहे. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे घेतले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. ते काही पाच दिवसांचे उन्हाळी शिबिर नव्हते. पण शिक्षकाने काही काळ पुन्हा विद्यार्थी व्हायचे, हे सूत्र तेच.

त्या काळी पंतोजींच्या शाळेत पोरे धूळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि पुढे मोडीतली पत्रे, खते उतरवून काढीत. लिहिणे म्हणजे दुसऱ्याचे उतरवणे, अशीच समजूत होती. सावित्रीबाई तिथे थांबल्या नाहीत. 1854 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह निघाला. पुढच्याच वर्षी फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. हे ‘ज्ञानोदय’ 1842 साली नगरलाच सुरू झाले होते. बाई लिहीत होत्या आणि त्यांच्या शाळेतली मुलगीही लिहू लागली. हा नुसता योगायोग आहे, असे मला वाटत नाही.

फॅरारबाईंच्या अमेरिकेत याच विचाराचा एक उपक्रम पुष्कळ पुढे, 1974 साली सुरू झाला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या विद्यापीठात जेम्स ग्रे यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत लेखन शिकवणाऱ्या शिक्षकांना बोलावले. तिथे शिक्षकांनी स्वतः लिहायचे, एकमेकांना वाचून दाखवायचे आणि वर्गात जे साधले ते दुसऱ्या शिक्षकाला शिकवायचे. पुढे हे काम अमेरिकाभर पसरले. आमचे ते पाथर्डीचे गुरुजी बर्कलीला गेलेले नव्हते. त्यांना ते अनुभवाने उमगले होते.

आता यातली माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. सावित्रीबाईंच्या बरोबरीने काम करणाऱ्या फातिमा शेख यांच्या हातचे लेखन आपल्यापर्यंत पोचलेले नाही. 2025च्या जानेवारीत एका पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले, की फातिमा शेख हे पात्र आपणच रचले. त्यावर अभ्यासकांनी पुढे केले ते सावित्रीबाईंचे पत्र. 10 ऑक्टोबर 1856 रोजी आजारपणात माहेरी, नायगावी असताना त्यांनी ते जोतिरावांना लिहिले होते. आपल्यामागे फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. एक बाई होती की नव्हती, या वादात दुसऱ्या बाईने सहज लिहिलेला एवढा मजकूर साक्षीला उभा राहिला.

आमच्या घरी दखनी बोलली जाते, मराठी मला शाळेने दिली. माझी आजी कुराण वाचायची, पण लिहिणे तिला कुणी शिकवले नाही. कागदावर ती अंगठा उठवायची. दुष्काळात खडी फोडल्याच्या, मोहरमच्या सवारीपुढे नाचणाऱ्या गणपा पैलवानाच्या तिच्या गोष्टी तिच्याबरोबरच दफन झाल्या. फातिमाबींचे नाव निघाले की मला आजीचा तो शाईने माखलेला अंगठा आठवतो.

त्या वर्षी जून महिन्यात शाळा भरली. मी माझ्या दहा ओळी वर्गात वाचून दाखवल्या. कुणाविषयी आहेत, ते सांगितले नाही. तरी तो पोरगा उभा राहिला. “गुरुजी, बैलाचं नाव चुकलं तुमचं.” मी म्हणालो, “मग तू लिही बरं.” त्याने वहीचे अख्खे पान भरून आणले. त्यात कारखान्याचा भोंगा होता, पाचटाची खोप होती आणि पहाटे गाडीत झोपलेली त्याची धाकटी बहीण होती. बैलाचे नाव सर्ज्या. त्याने लिहिले होते ‘सरज्या’.

मी लाल रेघ मारली नाही. आधी माझी चूक दुरुस्त केली.