साडेचार सेंटिमीटर आणि आठ वर्षं

२३ सप्टेंबर २०००. सिडनीजवळ पेनरिथला तुम्ही अंतिम रेषेपाशी काठावर उभे आहात. महिलांची एकेरी रोइंगची अंतिम शर्यत शेवटच्या टप्प्यात आली आहे. दोन नावा बरोबरीनं तुमच्याकडे येताहेत. एकीत बेलारूसची येकातेरिना कार्स्टेन, दुसरीत बल्गेरियाची रुम्याना नेयकोवा. दोघींच्या पाठी तुमच्याकडे, कारण वल्हवणारी पाठमोरीच पुढे जाते. जिथं पोहोचायचं ती रेषा तिला दिसत नाही.

नावा रेषा ओलांडतात. कोण जिंकलं? तुम्हाला सांगता येत नाही, त्या दोघींनाही नाही. पंच फोटो तपासत बसतात. मग आकडे लागतात: कार्स्टेन ७:२८.१४, नेयकोवा ७:२८.१५.

त्या वेगाला सेकंदाचा शंभरावा हिस्सा म्हणजे जेमतेम साडेचार सेंटिमीटर, आणि नाव सुमारे आठ मीटर लांब. शिवाय नाव एकसारख्या वेगानं जात नाही. वल्ही पाण्याबाहेर आली, वल्हवणारी सरकत्या बैठकीवर गुडघे दुमडत पुढच्या ओढीसाठी सरकू लागली, की नाव तिच्याखालून सुळकन निसटते. वल्ही पुन्हा पाण्यात पडतात तेव्हा क्षणभर मंदावते. रेषेवर कुणाची नाव त्या लयीत नेमकी कुठं होती, यावरही एवढा निसटता निकाल फिरू शकतो. म्हणून त्या रौप्यपदकाला मी पराभव म्हणत नाही. पण पुढची चार वर्षं पहाटे उठून पुन्हा त्याच पाण्यावर जायचं असेल, तर हे समजून फारसा दिलासा मिळत नसणार.

आता २००२, सेव्हिया. जागतिक स्पर्धेत नेयकोवा ७:०७.७१ अशी वेळ देते. तोवर एकेरीत कुठलीही स्त्री इतक्या वेगानं गेलेली नाही. पुढच्या वर्षी मिलानला ती पुन्हा जगज्जेती होते. प्रशिक्षक तिचा नवराच, स्विलेन नेयकोव. अथेन्समध्ये २००४ साली सुवर्ण जर्मनीच्या कात्रिन रुट्शो-स्टोम्पोरोव्स्कीला, रौप्य कार्स्टेनला. नेयकोवाला कांस्य.

बीजिंगला जाण्याआधी जरा मागं, १९७६ च्या मॉन्ट्रियलला चला. ऑलिंपिकमध्ये बायकांचं रोइंग पहिल्यांदाच होतंय, शर्यत हजार मीटरची. ओत्सेतोवा-योर्दानोव्हा आणि केल्बेचेवा-ग्रुइचेवा या बल्गेरियन जोड्या दोन सुवर्णपदकं जिंकतात. नेयकोवा तेव्हा तीन वर्षांची आहे. त्यानंतर बत्तीस वर्षं बल्गेरियाला ऑलिंपिकच्या रोइंगमध्ये सुवर्ण मिळत नाही.

१६ ऑगस्ट २००८, बीजिंगजवळचं शुनयी. नेयकोवा पस्तिशीची झाली आहे. या वेळी काठावर थांबू नका, तिच्या जागी बसा. मांड्या पेटल्यात, श्वास पुरत नाही, आणि रेषा पाठीमागं कुठंतरी आहे. पण पाठमोरं बसण्याचा एक फायदा असतो: पुढं असलात, तर मागचे सगळे समोर दिसतात. अमेरिकेची मिशेल ग्युरेट दिसतेय. कार्स्टेनही दिसतेय. नेयकोवा ७:२२.३४, ग्युरेट ७:२२.७८, दोघींत साधारण दोन मीटर पाणी. तिसरी कार्स्टेन.

या वेळी फोटोची वाट पाहावी लागत नाही. त्या ऑलिंपिकमध्ये बल्गेरियानं जिंकलेलं एकमेव सुवर्ण रुम्याना नेयकोवाचं.